एनआयएसएम सिरीज-१५: अर्थशास्त्रवाल्यांनी ही परीक्षा द्यावी का?

अर्थशास्त्रात एम.ए. झालं की बडोद्यात दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत कुणी ना कुणी सुचवतंच, ‘सिरीज-१५ देऊन टाक, सर्टिफाइड होशील.’ परीक्षा वाईट नाही. फक्त कशात सर्टिफाइड, हे पैसे भरण्याआधी समजून घेतलेलं बरं.

एनआयएसएम ही शेअर बाजाराच्या नियामकाने, म्हणजे सेबीने, स्थापन केलेली संस्था, आणि सिरीज-१५ ही तिची रिसर्च अ‍ॅनालिस्टची, म्हणजे शेअरचा अभ्यास करून शिफारस करणाऱ्याची, परीक्षा. पेपर संगणकावर, १०० गुण, दोन तास, पास व्हायला ६० टक्के. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे २५ टक्के गुण कापले जातात. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. फी गेली काही वर्षं दीड हजाराच्या आसपास आहे. ताजा आकडा संकेतस्थळावर पाहूनच भरा.

नोंदणीत घोळ होतो तो नावाचा. आपल्याकडच्या मराठी घरांत एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, आणि वडिलांचं नाव कधी पूर्ण तर कधी नुसतं आद्याक्षर. अर्जात नाव पॅन कार्डावर आहे तसंच, त्याच क्रमाने टाका. केंद्रावर ओळखपत्र मूळ लागतं, मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही. बडोद्यातला सोयीचा स्लॉट मिळाला नाही तर अहमदाबादचं केंद्र पाहता येतं.

नोंदणीनंतर वर्कबुकची पीडीएफ मिळते. तयारीला तेवढी पुरे; बाजारातली जाडजूड गाइडं घेऊ नयेत. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आर्थिक विश्लेषणाचं प्रकरण पाहून खूश होतो, पण डझनभराहून जास्त प्रकरणांतलं ते एक. बाकी सगळं कंपनी, मूल्यांकन, कॉर्पोरेट अ‍ॅक्शन्स (लाभांश, बोनस, शेअरचं विभाजन वगैरे) आणि सेबीचे नियम. गुण जातात ते तिथे. १५० टक्के लाभांश म्हणजे बाजारभावावर नव्हे, दर्शनी किमतीवर (कंपनीने शेअरला ठरवून दिलेली मूळ किंमत): दर्शनी किंमत २ रुपये असेल तर हातात येतात ३ रुपये. दर्शनी किंमत १० वरून २ वर आली की एका शेअरचे पाच होतात आणि भाव साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो. १:१ बोनसमध्ये (एका शेअरमागे एक फुकट) भाव निम्मा होतो, पण दर्शनी किंमत तीच राहते. बी.कॉम.वाल्यांना हे तोंडपाठ असतं. एम.ए.वाल्यांनी या भागाला निदान तीन आठवडे द्यावेत आणि कायद्याचं प्रकरण शेवटच्या रात्रीवर ढकलू नये.

निगेटिव्ह मार्किंगचा बाऊ करू नका. चार पर्यायांत निव्वळ अंदाजाने टिचकी मारली तरी एका गुणाच्या प्रश्नामागे सरासरी ०.०६ गुण पदरात पडतात. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर ०.१७. म्हणजे प्रश्न कोरा सोडण्यात फायदा नाही. सगळा पेपर सोडवला तर ६८ गुणांची उत्तरं बरोबर लागतात: उरलेल्या ३२ मागे ८ कापले जातात आणि बरोबर ६० उरतात.

आता मूळ मुद्दा. अर्थतज्ज्ञाचं कसब जिथे लागतं, ते ही परीक्षा तपासतच नाही. एप्रिल २०२१ चा औद्योगिक उत्पादन निर्देशांक घ्या. आकडा १२६.६, आदल्या एप्रिलमध्ये ५४.०. वाढ १३४ टक्के! पण त्याच्याही आधीच्या, २०१९ च्या एप्रिलमध्ये तो १२६.५ होता. म्हणजे दोन वर्षांत कारखाने होते तिथेच आले. १३४ टक्के ही निव्वळ लॉकडाउनच्या खड्ड्याची उंची. असला बेस इफेक्ट ओळखणं, चालू किमतींची (महागाईसकट) वाढ आणि स्थिर किमतींची (महागाई वगळून) वाढ एकमेकांत न मिसळणं, सुधारित आकडा आल्यावर जुना तक्ता बदलणं, दिवाळी ऑक्टोबरमध्ये की नोव्हेंबरमध्ये हे पाहूनच महिन्यांची तुलना करणं, ही खरी कामं. यातलं बरंचसं चार पर्यायांत बसत नाही. मकरपुऱ्याच्या कारखानदाराला मागणीचा अंदाज हवा असतो, तेव्हा त्याला याच गोष्टींचे पैसे मोजायचे असतात.

आणि गंमत अशी की कायदाही अर्थतज्ज्ञाकडे हे प्रमाणपत्र मागत नाही. सेबीच्या २०१४ च्या रिसर्च अ‍ॅनालिस्ट नियमांत ‘रिसर्च रिपोर्ट’च्या व्याख्येतून आर्थिक, राजकीय वा बाजाराच्या परिस्थितीवरचं भाष्य चक्क वगळलं आहे. ‘महागाई उतरते आहे, रेपो दर खाली येईल’ असं लिहायला सिरीज-१५ लागत नाही. ‘म्हणून अमुक बँकेचा शेअर घ्या, टार्गेट इतकं’ असं पुढे जोडलंत की रेघ ओलांडली. ब्रोकरच्या कचेरीत बसून ती रेघ ओलांडायची असेल, तर परीक्षा आवश्यकच.

मग अर्थतज्ज्ञांनाही सीएंसारखं प्रमाणपत्र असावं का? सीएंचा कायदा १९४९ चा, वकिलांचा १९६१ चा. अर्थतज्ज्ञांसाठी तसा कायदा आपल्याकडे नाही. ब्राझीलमध्ये आहे, १९५१ पासून. नोंदणीशिवाय तिथे अर्थतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करता येत नाही. तरीही १९९३ साली तिथली महागाई २,४०० टक्क्यांच्या वर होती! आणि आपल्याच बडोद्याचं पाहा: भारताचा आर्थिक इतिहास लिहिणारे रमेशचंद्र दत्त १९०४ मध्ये इथे महसूलमंत्री म्हणून आले ते आयसीएस आणि बॅरिस्टर, शेतसाऱ्यावरचा त्यांचा युक्तिवाद कुठल्या परवान्यावर उभा नव्हता. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेल्या आंबेडकरांचंही तेच.

सीएच्या सहीची किंमत नुसत्या परीक्षेमुळे नाही. प्रमाणपत्रावर १८ अक्षरी यूडीआयएन (त्या कागदाचा स्वतंत्र ओळखक्रमांक) असतो, तो कुणालाही ऑनलाइन पडताळता येतो, आणि चुकलं तर तक्रार कुठे करायची ते ठाऊक असतं. अर्थतज्ज्ञाच्या अहवालात उणीव आहे ती याची. त्यावर आणखी एक परीक्षा हा उतारा नव्हे. अहवालासोबत आकड्यांची फाइल, आकडे कोणत्या तारखेला उचलले त्याची नोंद, बेस वर्ष, आणि अहवालाचे पैसे कुणी दिले याचं निवेदन, एवढं ग्राहकाने मागायला लागावं. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने आपल्या नियतकालिकांसाठी हितसंबंध जाहीर करण्याचा नियम २०१२ मध्ये केला. आपल्याकडचे सल्लागार तेवढं तरी उचलू शकतात.

पर्याय थोडक्यात. सीएफएच्या (गुंतवणूक विश्लेषकांची आंतरराष्ट्रीय परीक्षा) पहिल्या पातळीत अर्थशास्त्राचा वाटा जेमतेम ६ ते ९ टक्के, तेव्हा तीही अर्थतज्ज्ञाची परीक्षा नव्हे. अमेरिकेतली नाबे ही व्यावसायिक अर्थतज्ज्ञांची संस्था सर्टिफाइड बिझनेस इकॉनॉमिस्ट (सीबीई) हे प्रमाणपत्र देते. अभ्यासाचा रोख योग्य, पण बडोद्यातल्या मालकाला ती तीन अक्षरं समजावून सांगावी लागतील. सरकारी वाट हवी असेल तर यूपीएससीची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस: लेखी १,००० गुण, मुलाखत २००, अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी हवीच. निवडच व्हायची असल्याने कस लागतो तो तिथे.

सिरीज-१५ ला शेअर संशोधनासाठी पाचपैकी चार. अर्थतज्ज्ञाचा शिक्का म्हणून एक, तोही वर्कबुक बऱ्यापैकी लिहिलंय म्हणून. शिवाय ही परीक्षा पास होणं म्हणजे सेबीची नोंदणी नव्हे. नोंदणी वेगळी, तिचा क्रमांक आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तेव्हा टेलिग्रामवर कुणी ‘सेबी सर्टिफाइड इकॉनॉमिस्ट’ म्हणून टिप्सचे पैसे मागत असेल, तर आधी तो क्रमांक मागा. तशी पदवी सेबी कुणालाच देत नाही.