४ जीबीचा लॅपटॉप, फायरफॉक्स आणि दिवाळी अंकांची प्रूफं: सहा महिन्यांनंतर

सप्टेंबरचा दुसरा आठवडा म्हणजे मुद्रितशोधन करणाऱ्यांसाठी वर्षातला सगळ्यात दाटीचा काळ. नेमका तेव्हाच माझा लॅपटॉप रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास अडायला लागला. सकाळी व्यवस्थित चालायचा, दुपारी जड व्हायचा आणि संध्याकाळी कर्सर हलवला तरी दोन-तीन सेकंद काहीच घडायचं नाही. हार्ड डिस्कचा दिवा मात्र सतत पेटलेला. मशीन २०१७ चं आहे: सातव्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, विंडोज १०. त्यावर मी फक्त फायरफॉक्स, वर्ड आणि पीडीएफ वापरते.

दुकानात नेला. तिथल्या मुलाने टास्क मॅनेजर उघडून फायरफॉक्सपुढचा आकडा दाखवला. "काकू, ब्राउझरच अडीच जीबी खातोय. यात रॅम बोर्डावर आहे, वाढत नाही. नवीन घ्या." तपासणीचे ३०० रुपये घेतले. नवीन लॅपटॉप त्याने ४५,००० चा सांगितला. मला पानाला १५ रुपये मिळतात, म्हणजे त्या एका वाक्याची किंमत माझी ३,००० पानं होती. राग त्या मुलाचा आला नाही. अडीच जीबी नेमकं कोण खातंय हे न बघता त्याने निकाल दिला, त्याचा आला.

घरी येऊन व्हिडिओ पाहिले आणि दोन दिवस वाया घालवले. एकात सेटिंग्जमध्ये जाऊन प्रोसेसची, म्हणजे ब्राउझरच्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या भागांची, संख्या ८ वरून १ करायला सांगितलं होतं. तो पर्याय मी तासभर शोधला, सापडला नाही. फायरफॉक्सने २०२१ च्या अखेरीस प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवायला सुरुवात केली आणि ती पद्धत चालू असली की तो पर्याय दिसतच नाही, हे नंतर समजलं. एका साइटने दुसऱ्या साइटचा डेटा वाचू नये म्हणून ती सोय आहे. २०१८ मध्ये उघड झालेल्या स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटीनंतर तिची गरज पडली. त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये फायरफॉक्सच्या दहा-पंधरा ओळी दिसल्या म्हणून घाबरू नका. दुसऱ्या व्हिडिओचं ऐकून रॅम साफ करणारं एक सॉफ्टवेअर टाकलं, ते तर अजिबात टाकू नका. ते मेमरी मोकळी करतं म्हणजे वापरातला मजकूर हार्ड डिस्कवर ढकलतं. पुढच्या क्लिकला तोच मजकूर डिस्कवरून परत आणावा लागतो आणि मिनिटाला ५४०० फेऱ्यांची संथ डिस्क असेल तर तुम्ही बघत बसता.

खरा शोध लागला तो फायरफॉक्सच्याच आत. शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, प्रत्येक टॅब आणि प्रोसेस किती मेमरी घेतेय याची यादी उघडते. इतकी वर्षं फायरफॉक्स वापरून मला हे माहीत नव्हतं. मी एका वहीत आकडे लिहायला लागले: सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. टॅब वर-खाली होत होते. एक्स्टेन्शन्सची, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅम्सची, ओळ मात्र फक्त वर जात होती. पहिल्या दिवशी १३०, ४८०, ९१० एमबी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १,१०० च्या पुढे.

तरी माझा संशय टॅबांवरच होता, कारण एका वेळी तीस-चाळीस उघडे असतात. म्हणून अ‍ॅड्रेस बारमध्ये 'अबाउट', कोलन आणि 'मेमरी' हे इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप केलं. त्या पानावर 'मिनिमाइझ मेमरी युसेज' असं बटण आहे. ते दाबलं की ब्राउझर वापरात नसलेली मेमरी सोडून देतो. दाबल्यावर टॅबांचे आकडे उतरले, एक्स्टेन्शन्सचा जागचा हलला नाही. म्हणजे ती मेमरी कुणीतरी धरून ठेवली होती. मग हेल्प मेनूतून ट्रबलशूट मोडमध्ये एक अख्खा दिवस काम केलं. त्यात सगळी एक्स्टेन्शन्स बंद असतात. तेवढेच टॅब, तेवढीच प्रूफं, आणि संध्याकाळी सातला लॅपटॉप सकाळसारखाच.

माझ्याकडे पाच एक्स्टेन्शन्स होती आणि सगळ्यांची मिळून प्रोसेस एकच, त्यामुळे त्या ओळीच्या एकूण आकड्यावरून दोषी कळत नाही. रोज एक बंद केलं. तिसऱ्या दिवशी सापडलं: शब्दावर कर्सर नेला की अर्थ दाखवणारं शब्दकोशाचं एक्स्टेन्शन. माझ्या कामाचं, मला सगळ्यात आवडतं. जाहिराती रोखणारं यूब्लॉक ओरिजिन मात्र ठेवलं. ते स्वतः थोडी मेमरी घेतं, पण बातम्यांच्या साइटवर जाहिरातींचा जो पसारा उघडला असता, तो त्याहून कितीतरी जड असतो.

आता ज्या सोयीसाठी मी हे लिहायला बसले, ती सांगते. जून २०२५ च्या आवृत्ती १४० पासून टॅबवर राइट क्लिक केलं की 'अनलोड टॅब' असा पर्याय येतो. टॅब जागच्या जागी राहतो, नाव दिसत राहतं, फक्त त्याची मेमरी सुटते. पुन्हा क्लिक केलं की पान नव्याने उघडतं, तेही तुम्ही जिथे वाचत होता तिथेच. कंट्रोल धरून दहा टॅब निवडा, एकदम अनलोड करा. विंडोजवर मेमरी फारच कमी पडली की फायरफॉक्स २०२१ पासून हे आपोआप करतोच. पण तो कधी करणार आणि कुठला टॅब निवडणार हे त्याच्या हिशोबाने ठरतं. माझ्या कामाचा हिशोब मलाच माहीत. एका अंकाची कथांची प्रूफं आज बघायची आहेत, कवितांची परवा. मग कवितांचे टॅब आत्ता जिवंत कशाला हवेत? बुकमार्क केले तर मी विसरते. डोळ्यांसमोर रांगेत उभे असलेले टॅब हीच माझी कामाची यादी आहे, आणि ती यादी न मोडता मेमरी मोकळी होते. सप्टेंबर ते दिवाळी मी रोज किमान वीस वेळा हे केलं असेल.

त्याचे दोन फटकेही बसले. एका प्रेसची प्रूफाची लिंक काही तासांनी बंद होते. अनलोड केलेला तो टॅब रात्री उघडला तर समोर लॉगिनचं पान, आणि पासवर्ड प्रेसमधल्या माणसाकडे. दुसरा फटका जास्त वाईट. घाईत व्हॉट्सअ‍ॅप वेबचा टॅब अनलोड केला आणि संपादकांचा 'फर्मा थांबवा, अनुक्रमणिका बदलली आहे' (फर्मा म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा) हा निरोप दोन तास माझ्यापर्यंत पोचला नाही. तेव्हापासून तो टॅब पिन करून ठेवते आणि त्याला हात लावत नाही. स्कॅन केलेली मोठी पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडणंही सोडलं. त्यासाठी सुमात्रा पीडीएफ घेतलं, अगदी हलकं आहे.

इथपर्यंतचं मी नोव्हेंबरमध्ये लिहून ठेवलं होतं आणि त्याखाली 'हलक्या कामाला ४ जीबी पुरते' असं एक वाक्य होतं. ते आज खोडते आहे.

झालं असं की डिसेंबरमध्ये कंपनीच्या साइटवरून माझ्या मॉडेलचं दुरुस्ती-पुस्तक उतरवून वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: बोर्डावर ४ जीबी आणि शिवाय रॅमची पट्टी बसवायला एक स्लॉट. भाच्याने मागचं झाकण उघडलं, स्लॉट रिकामा. आठ वर्षं रिकामा. दुकानात हे झाकण उघडलंच नव्हतं, तरी तपासणीचे ३०० रुपये मी दिले होते. ते अजून मनातून जात नाहीत. नव्या पट्टीचे भाव हिवाळ्यात फार चढले होते, म्हणून वापरलेली ४ जीबीची पट्टी १,१०० रुपयांना घेतली.

फरक इतका आहे की आधीच्या वाक्याची मला लाज वाटली. ४ जीबीत मी काम करत नव्हते, लॅपटॉपला सांभाळत होते. विंडोजच सुरू झाल्या झाल्या दीड-पावणेदोन जीबी घ्यायचं, उरलेल्यात ब्राउझर आणि वर्ड. आणखी एक गोष्ट लक्षात आली. ८ जीबी झाल्यावर तेवढ्याच टॅबांना फायरफॉक्स आता तीन जीबीच्या वर घेतो, म्हणजे दुकानात दाखवला त्याहून मोठा आकडा, आणि तरी काहीही अडत नाही. मोकळी जागा दिसली की तो पानं हाताशी ठेवतो, अनलोड करायची घाई करत नाही. एकूण आकडा बघणं मी सोडून दिलं. एखादी ओळ दिवसभर फक्त चढत असेल, तेवढीच बघते.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. वर्षभराचे वाढीव सुरक्षा अपडेट घेतले आहेत. त्यांची मुदत पुढच्या दिवाळी हंगामातच संपते, म्हणून त्याआधी विंडोजऐवजी वापरता येणारं लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून बघणार आहे.

त्या शब्दकोशाच्या एक्स्टेन्शनचं म्हणाल तर ते बनवणाऱ्यांना मी पत्र लिहिलं. मेमरीच्या त्याच पानावरून मोजमापाची फाइल सेव्ह करता येते, ती जोडली. फाइल सेव्ह करण्याआधी 'अ‍ॅनॉनिमाइझ'च्या चौकोनात खूण करा, नाहीतर तुमच्या उघड्या टॅबांचे पत्ते त्यात जातात. माझ्या टॅबांत तर प्रकाशकांच्या लिंक होत्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: वाचलेल्या प्रत्येक पानाचा मजकूर पान बंद केल्यावरही मेमरीत राहत होता, नवीन आवृत्तीत दुरुस्त केलं आहे. मनापासून आनंद झाला. लगेच टाकलं, वही काढली. पहिल्या संध्याकाळी १६० एमबी. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप बंद न करता काम केलं, २७०. तिसऱ्या संध्याकाळी ४१०. पुन्हा काढलं, आणि तिन्ही आकडे त्यांना पाठवले आहेत.