‘दिल से’ची सीडी, अकरा महिने आणि पाचव्या गाण्याशी माझे भांडण

गेल्या महिन्यात पहिले गाणे दोन ठिकाणी अडकू लागले नसते, तर मी हे लिहायला बसलोच नसतो. ‘दिल से’च्या गाण्यांची ही सीडी मी अकरा महिन्यांपूर्वी जुन्या बाजारातील एका विक्रेत्याकडून १२० रुपयांना घेतली होती. संगीत ए. आर. रहमान यांचे, शब्द गुलजार यांचे, चित्रपट १९९८ चा, आणि दोघांनाही पुढच्या वर्षी त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाले, हे वाचकांना ठाऊक असेलच. हीच गाणी इंटरनेटवर फुकट ऐकता येतात, हेही मला ठाऊक आहे. परंतु दोन गाण्यांच्या मध्ये कोणी मला विमा विकू लागले की ऐकण्याची सगळी लय मोडते, म्हणून ही खरेदी केली आणि ती वसूल करायचीच, या जिद्दीने आठवड्यातून निदान तीनदा ती ऐकली.

पहिल्या दिवसापासून माझी तक्रार एकच होती, ती म्हणजे ‘थय्या थय्या’. सीडीवर सहा गाणी आहेत आणि त्यांतले पाचवे म्हणजे पहिल्याच ‘छैय्याँ छैय्याँ’ची चाल, ठेका पुढे आणून आणि एक अक्षर बदलून पुन्हा वाजवलेली. म्हणजे १२० रुपयांत मला सहा नव्हे, पाच गाणी मिळाली आणि दर गाण्यामागे २० ऐवजी २४ रुपये पडले, असा हिशेब मी त्याच रात्री मांडला होता. बरे, जागा कमी होती म्हणावे, तर तेही नाही. सीडीवर सहज ७४ मिनिटांचे संगीत मावते आणि ही सहा गाणी मिळून जेमतेम ३६-३७ मिनिटांची आहेत. सीडी उजेडात तिरपी धरली, तर गाणी संपतात तिथली रेघ डोळ्यांना दिसते आणि तिच्यापलीकडे कडेपर्यंत सव्वा सेंटीमीटर रुंदीचा पट्टा कोराच राहिलेला दिसतो. प्रेमाच्या सात पायऱ्यांची कल्पना पोटात घेऊन निघालेल्या चित्रपटाला सातवे गाणे सुचू नये, आणि सहावेही पूर्ण नवे असू नये, याचे मला वैषम्य वाटत असे. त्यामुळे सुरुवातीचे दहा महिने, चौथे गाणे संपता संपता उठून ‘पुढे’चे बटण दाबायचे, हा माझा नेम होता.

बाकी गाण्यांविषयी थोडक्यात सांगतो. ‘जिया जले’ सतत ऐकूनही शिळे झाले नाही. त्यातल्या समूहाच्या ओळी मी कितीतरी दिवस निव्वळ नादासाठी घातलेली अक्षरे समजत होतो, आणि त्या गिरीश पुत्तनचेरी यांनी लिहिलेल्या मल्याळम ओळी आहेत, हे कळल्यावर त्या समूहाला नुसती साथ मानणे मी सोडून दिले. लताबाईंचे वय तेव्हा सत्तरीला टेकलेले होते, हे तो आवाज ऐकताना आठवत नाही, आठवले तरी पटत नाही. ‘दिल से रे’मध्ये रहमान स्वतः गातात आणि आवाज थोडा वाढवला की शेजारी भिंत ठोकतात. ‘ऐ अजनबी’ हे उदित नारायण यांचे गाणे असले, तरी मला ते महालक्ष्मी अय्यर यांच्या लांबून येणाऱ्या लहानशा सादेसाठी ऐकावेसे वाटते. शेवटच्या ‘सतरंगी रे’मध्ये प्रेमावर जोर चालत नाही, ही आग लावून लागत नाही आणि विझवून विझत नाही, हा गालिबचा शेर आला आहे, तेवढ्या एका जागेसाठी मी ती लांबण दर वेळी पूर्ण ऐकतो.

गाणे अडकू लागल्यावर मी प्रथम दोष प्लेअरला दिला आणि तो दुरुस्तीला नेला. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी झाकण उघडण्यापूर्वीच ‘लेन्स गेली’ असे जाहीर करून साडेसहाशे रुपये खर्च सांगितला. घरच्या दुसऱ्या सीडी त्याच प्लेअरवर सुरळीत वाजतात, हे मी सांगू लागलो, तेव्हा त्यांनी ‘मग घरीच वाजवा’ असे उत्तर दिले आणि तपासणीचे ५० रुपये मात्र घेतले. सीडी विकणाऱ्याने ‘जुना माल परत घेत नाही’ या एका वाक्यात विषय संपवला. त्याचे बरोबर असेल, पण दोष त्याच्याच डबीत होता, हे मी पुढे सिद्ध करतो.

सीडी आतून बाहेर वाजते. म्हणजे पहिले गाणे मधल्या भोकाच्या सर्वांत जवळ असते आणि ‘छैय्याँ छैय्याँ’ जवळजवळ सात मिनिटांचे असूनही फार तर अर्ध्या सेंटीमीटरच्या कड्यात मावलेले असते. मी सीडी नेहमी कडेला धरूनच हाताळतो, बोटे लागलीच तर ती कोऱ्या पट्ट्यावर लागतात. मग ओरखडा आत कसा आला? डबीच्या मध्यभागी सीडी पकडून ठेवणारे जे दाते असतात, त्यांतले दोन तुटलेले निघाले. सीडी सैल बसे, डबी हलली की स्वतःभोवती फिरे आणि तिचा आतला कडा नेमका डबीच्या तळाला घासे. असा गोल ओरखडा सर्वांत वाईट, कारण मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या आडव्या ओरखड्यातून हरवलेली माहिती प्लेअर पुढच्यामागच्या माहितीवरून भरून काढू शकतो, पण माहितीच्या गोल रेघेच्याच दिशेने गेलेला ओरखडा सलग इतके काही खातो की भरून काढायला आधारच उरत नाही. थोडक्यात, अर्धी सीडी कोरी असताना नुकसान झाले ते बरोब्बर सगळ्यांत लाडक्या गाण्याचे.

इथे मला पाचव्या गाण्याबद्दलचे मत बदलावे लागले. पहिले गाणे अडखळत ऐकण्यापेक्षा तीच चाल धडधाकट ऐकावी, एवढ्याच स्वार्थाने मी ‘थय्या थय्या’ प्रथमच सबंध ऐकले. नंतर त्या शब्दाचा माग काढला, तेव्हा ओशाळायची पाळी आली. ‘थैया थैया’ हे बुल्ले शाह यांच्या काफीतले, म्हणजे सूफी पदातले, शब्द आहेत. प्रेमाने मला थयथय नाचवले, असे हा अठराव्या शतकातला पंजाबी सूफी कवी म्हणतो. गुलजार यांनी त्या थैयाची छैय्याँ केली, म्हणजे पायांतला नाच काढून डोक्यावर सावली धरली, आणि मग त्या सावलीखाली चालणाऱ्याच्या पायांशी स्वर्ग आणून ठेवला. याच चित्रपटाच्या ‘उयिरे’ या तमिळ रूपातही गाण्याचे ध्रुवपद ‘थैय्या’च राहिले आहे. ज्या गाण्याला मी दहा महिने नक्कल म्हणून हिणवले, त्याच्या तोंडी मुळातला शब्द होता आणि मी ज्याला अस्सल मानत होतो, तेच बदललेले होते. थयथयाट हा शब्द रागाने पाय आपटण्यासाठी आपण रोज वापरतो आणि मी नेमका तोच करत होतो, हे घरच्यांनी लगेच लक्षात आणून दिले.

तरीही माझी तक्रार पूर्णपणे मागे घेतलेली नाही. शब्द जुना असला, तरी चाल तीच आहे, आणि एकाच बैठकीत दोनदा ऐकली की दुसऱ्यांदा ती थोडी उतरतेच. शिवाय कोऱ्या पट्ट्याचा प्रश्न जिथल्या तिथे आहे. दर गाण्यामागचा हिशेब मात्र मी २४ वरून पुन्हा २० रुपयांवर आणला आहे. ओरखड्यावर टूथपेस्ट लावून, मऊ फडक्याने मध्यापासून कडेकडे सरळ रेघांत पुसल्यावर अडकण्याच्या दोन जागांपैकी एक गेली. दुसरी सुखविंदर सिंग यांचा आवाज चढत असतानाच येते आणि हटत नाही. त्याच विक्रेत्याकडे दहा रुपयांना रिकामी डबी मिळाली. या वेळी पैसे देण्यापूर्वी मी तिचे सगळे दाते बोटाने चाचपून पाहिले, आणि तो माझ्याकडे पाहत राहिला.