निराधार, इंदिरा गांधी की ग्रामपंचायतीचे पाच टक्के: पहिला अर्ज कुठे टाकायचा?

तालुक्याच्या सेतूत चौकशीला गेलं की दिव्यांग माणसाला एका दमात तीन-चार योजनांची नावं ऐकवतात. घरी पोचेपर्यंत कोणती कशासाठी, हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. माझं मत आधीच सांगतो: अपंगत्वाची टक्केवारी ४० किंवा जास्त असेल आणि उत्पन्नाचा दाखला बसत असेल, तर पहिला अर्ज संजय गांधी निराधारचा, म्हणजे राज्याच्या महिन्याच्या पगाराचा. बाकीचं मागाहून.

आधी पैसे बघू. निराधारचा पगार दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २५०० रुपये झाला, त्याआधी १५०० होता. त्याच वर्षी जूनमध्ये दिव्यांगांसाठी आंदोलन करणारे बच्चू कडू अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले, तेव्हा मागणी ६००० ची होती. म्हणजे निम्म्यालाही पोचलेलो नाही, पण गावात याहून मोठी आणि दर महिन्याची दुसरी रक्कम नाही.

इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन ऐकायला वेगळं वाटतं, म्हणून पुष्कळ जण दोन्हीकडे धावतात. त्यात केंद्राचे ३०० रुपये असतात आणि वरची भर राज्य घालतं. हा निराधारच्या वरचा दुसरा पगार नव्हे. अट मात्र दुप्पट कडक: अपंगत्व ८० टक्के हवं आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं. आपल्याकडे ही यादी २००२ च्या पाहणीची. त्यानंतर वेगळं चूल मांडलेल्या घराचं नाव त्यात सापडणं कठीण, आणि पिवळं रेशनकार्ड म्हणजे यादीतलं नाव नव्हे. तहसीलवाल्यांनी स्वतःहून तुम्हाला त्यात बसवलं तर बसवू द्या, पण त्यासाठी वेगळ्या चकरा मारू नका.

निराधारची खरी अडचण आहे उत्पन्नाची. दिव्यांगांसाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये. २०२५-२६ ला रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या दोघांनी शंभर-शंभर दिवस काम केलं तर ६२,४०० होतात. म्हणजे सरकारच्याच कामावर सरकारच्याच दराने राबणारं घर सरकारच्याच मर्यादेबाहेर जातं! म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पटवाऱ्याकडे (तलाठ्याकडे) जाताना नुसता सातबारा नेऊन भागत नाही. कोरडवाहू वावर किती, त्यातलं हिस्स्याला किती येतं, कापसावर किती खर्च झाला, हे बोलायची तयारी ठेवा. सामाईक सातबाऱ्यावर चार भावांची बारा एकर दिसते, आणि दाखला लिहिताना ती सगळी तुमचीच धरली जाऊ शकते.

दुसरी अट १५ वर्षांच्या महाराष्ट्रातल्या रहिवासाची. मेळघाटातल्या धारणीत मध्य प्रदेशातून किंवा गडचिरोली-गोंदियाकडे छत्तीसगडातून आलेली सून इथेच अडकते. कागद जुळवायला लागण्याआधी याची विचारणा तहसीलच्या निराधार शाखेतच करा, बाहेरच्या टपरीवर नको.

आता टक्केवारी. युडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) रंगच सगळं सांगतो: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि पुढे निळं. कार्ड हातात आलं की रंग बघून थांबू नका, वैधतेची तारीख वाचा. तात्पुरतं असेल तर मुदत संपायच्या आधीच पुन्हा तपासणी लागते, नाहीतर पगार थांबू शकतो. धारणीहून अमरावतीचं इर्विन, म्हणजे जिल्हा रुग्णालय, दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे ज्या दिवशी तुमच्या अपंगत्वाच्या प्रकारचा डॉक्टर बसतो तोच दिवस विचारून निघा. कानाच्या तपासणीचं बेरा यंत्र तालुक्याला बहुधा नसतंच.

विदर्भात एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे. ज्याचा रिपोर्ट एसएस आहे त्याने तपासणीला जरूर जावं. एएस म्हणजे फक्त वाहक, त्याला प्रमाणपत्र मिळत नाही.

ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी हे प्रकरण अगदी निराळं. तो पगार नाही. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराची वसुली यांतून, पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. वसुली दोन लाख असेल तर वाट्याला दहा हजार. गावात वीस दिव्यांग असतील तर माणशी वर्षाला पाचशे! खाणीच्या किंवा मोठ्या बाजाराच्या गावात आकडा बरा असतो, लहान गावात चहापाण्याचा. तरी सोडू नका, कारण निराधार चालू असतानाही हा घेता येतो. सचिवांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि ग्रामसभेत नुसतं 'निधी द्या' न म्हणता 'मागच्या वर्षीची वसुली किती आणि पाच टक्के कुठे खर्च झाले' असं विचारा. या प्रश्नावर सभेत लगेच वही उघडली जाते.

बायांसाठी आणखी एक निवड आहे. लाडकी बहीणमध्ये १५०० मिळतात, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि वय २१ ते ६५. पण दुसऱ्या सरकारी योजनेतून १५०० किंवा जास्त मिळत असतील तर ती चालत नाही. म्हणून घरचं उत्पन्न पन्नास हजारांच्या वर असेल तर लाडकी बहीणच बरी. त्याच्या आत असेल आणि कार्ड पिवळं किंवा निळं असेल तर निराधारमध्ये हजार जास्त. अठरा-वीस वर्षांच्या पोरीला तर लाडकी बहीण नाहीच, तिचा अर्ज सरळ निराधारचा.

लाडकी बहीणमधून निराधारमध्ये जायचं तर निराधारची मंजुरी हातात पडेपर्यंत चालू पैसे बंद करायला सांगू नका. मंजुरी आली की कळवा, नाहीतर दोन्हीकडून घेतले म्हणून वसुली मागे लागेल. आणि अर्जाआधी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बघून घ्या. पैसे आधारवर येतात, आणि कधीकाळी उघडलेल्या, पासबुकही न सापडणाऱ्या खात्यात जाऊन पडले की महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.