एचटीटीपीएक्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गोदामाच्या सॉफ्टवेअरमधून कुरिअर कंपनीच्या सर्व्हरला रोज बुकिंग जातात. नाव, पत्ता, वजन, रक्कम, सगळं जेसनमध्ये, म्हणजे माहिती मजकूर म्हणून लिहायच्या ठरावीक पद्धतीत. हे पाठवायला आधी पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी होती. असिंकची (एका उत्तराची वाट बघत न थांबता बाकीची कामं चालू ठेवण्याची) गरज पडली म्हणून आठ महिन्यांपूर्वी एचटीटीपीएक्स या तशाच दुसऱ्या लायब्ररीवर आलो.

पहिल्याच आठवड्यात आवडलं ते बॉडीचं, म्हणजे रिक्वेस्टमधल्या मजकुराचं, वाटप. रिक्वेस्ट्समध्ये 'डेटा'ला डिक्शनरी दिली की फॉर्म जातो, स्ट्रिंग दिली की ती जशीच्या तशी जाते आणि मजकूर कोणत्या प्रकारचा ते सांगणारा कंटेंट-टाइपचा हेडर लावलाच जात नाही. टीममध्ये नवीन आलेला मुलगा 'जेसन'ऐवजी 'डेटा' लिहून अर्धा दिवस ४०० (रिक्वेस्ट चुकीची) बघत बसणार, हे ठरलेलं. एचटीटीपीएक्समध्ये कच्च्या बाइट्सना 'कंटेंट', फॉर्मला 'डेटा', आणि 'जेसन' वेगळं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. कुरिअरच्या एपीआयला प्रत्येक रिक्वेस्टबरोबर सही लागते, म्हणजे बॉडी आणि गुप्त की यांवरून काढलेला एचमॅक नावाचा कोड हेडरमध्ये. मी स्वतः जेसन डम्प करून (डिक्शनरीचा मजकूर बनवून) त्यावर सही काढायचो आणि लायब्ररीला मात्र मूळ डिक्शनरी द्यायचो. ती आतून तसाच डम्प करायची, म्हणून जुळत होतं. एचटीटीपीएक्सच्या ०.२७ आवृत्तीवरून ०.२८ वर गेलो आणि एकूण एक बुकिंगला ४०१, म्हणजे ओळख पटली नाही. गुप्त की तपासली, सर्व्हरचं घड्याळ तपासलं, समोरच्या सपोर्टशी हुज्जतही घातली (बिचाऱ्यांची काही चूक नव्हती). शेवटी 'बिल्ड रिक्वेस्ट' वापरून रिक्वेस्ट न पाठवता नुसती बांधली आणि तिच्यातले बाइट्स छापले. कोलन आणि स्वल्पविरामानंतरच्या मोकळ्या जागा गायब! शिवाय देवनागरी अक्षरं आता एस्केप न होता (\u आणि आकडे अशा रूपात न जाता) थेट यूटीएफ-८ मध्ये. बदलांच्या यादीत बॉडी आटोपशीर केल्याचं लिहिलेलं होतं. वाचतो कोण?

बदल तसा चांगलाच आहे. 'सांगली' आधी ३६ बाइट्स खायची, आता १८. पत्ते मराठीत असले की फरक पडतो. पण सही ज्या बाइट्सवर काढली तेच बाइट्स तारेवर गेले पाहिजेत, ही जबाबदारी माझी होती. आता एकदाच डम्प करतो, त्या बाइट्सवर सही काढतो, तेच 'कंटेंट'ला देतो आणि कंटेंट-टाइपचा हेडर हाताने लावतो. दोन ओळी जास्त, डोक्याला ताप कमी.

एचटीटीपीएक्समध्ये टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघण्याची मर्यादा, मुळातच ५ सेकंदांचा आहे. रिक्वेस्ट्समध्ये आपण दिला नाही तर तो नसतोच, त्यामुळे आमचं रात्रीचं काम कधीकधी सकाळपर्यंत लटकलेलं असायचं. इथे उलटी गंमत झाली: लेबल तयार व्हायला ७-८ सेकंद लागले, आमच्या कोडने पुन्हा पाठवलं, आणि एकाच पार्सलची दोन बुकिंग. आपण वाट बघणं सोडलं म्हणून समोरचा काम थांबवत नाही. आता ३० सेकंद ठेवलेत आणि बॉडीत आमचा ऑर्डर क्रमांक घालतो, म्हणजे दुसरी बुकिंग समोरच परत फिरते.

'जेसन'ला डेसिमल (पायथनचा अचूक दशांश संख्येचा प्रकार) दिलं की टाइपएरर येते. रक्कम पैशांत, पूर्णांकात पाठवतो.

साध्या, असिंक नसलेल्या स्क्रिप्टसाठी मी अजूनही रिक्वेस्ट्सच काढतो. गोदामात मात्र एचटीटीपीएक्सच राहील, आवृत्ती दोन बरोबरच्या चिन्हांनी (==) बांधून, म्हणजे ती आपोआप बदलणार नाही.