घर मुलांना द्यायचंय: मृत्युपत्र करावं की दानपत्र?

खाली आई-बाबा, वरच्या मजल्यावर थोरला, धाकटा पुण्यात आणि मुलगी बंगळूरला. सुदामानगर असो की रामबाग, इंदूरच्या मराठी घरांत हे चित्र आता नेहमीचं. बाबांची सत्तरी उलटली की कुणीतरी सल्ला देतं, ‘‘वसीयतीच्या भानगडीत पडू नका, थोरल्याच्या नावे दानपत्र करून टाका, झंझट संपेल.’’ झंझट संपते खरी. पण कधी कधी त्यासोबत बाबांचा त्या घरावरचा हक्कही संपतो.

तुलना करण्याआधी कपाटातली रजिस्ट्री काढून नीट वाचा. घर स्वकमाईचं असेल तर दोन्ही वाटा मोकळ्या. पण जुन्या इंदुरातल्या वाड्याची मालकी एकत्र कुटुंबाची असेल आणि वाटणी झालेली नसेल, तर गोष्ट वेगळी. त्यातला आपला हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 30 तशी मुभा देतं. तोच हिस्सा बाकीच्या सहदायादांना, म्हणजे जन्मानेच त्या मालकीत वाटा असलेल्यांना, न विचारता दान मात्र करता येत नाही. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगीही सहदायाद आहे, तिची सही ‘नंतर घेऊ’ म्हणून चालत नाही. अशा घरात आधी वाटणीपत्र किंवा हक्कत्याग, तोही नोंदणीकृत. बाकी सगळं त्यानंतर.

खर्चाच्या बाबतीत फारसं बोलण्यासारखं नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर होतं, त्याला स्टॅम्प लागत नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे. स्थावराचं दानपत्र नोंदवल्याशिवाय ग्राह्यच नाही, आणि त्यावर मिळकतीच्या मूल्यानुसार स्टॅम्प ड्यूटी द्यावी लागते. दर बदलत राहतात. शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी भरलेला आकडा धरून चालू नका, रजिस्ट्रीचं काम करणाऱ्या सेवा प्रदात्याकडून तुमच्या कॉलनीच्या गाइडलाइन (सरकारने ठरवलेल्या) दराने हिशेब काढून घ्या. आई-वडिलांकडून मिळालेल्या घरावर मुलांना प्राप्तिकर लागत नाही, मार्ग कोणताही असो. पुढे घर विकलं तर भांडवली नफा काढताना मूळ खरेदीची किंमत धरतात, तेही दोन्हीकडे सारखंच.

खरा फरक मन बदललं तर काय, या प्रश्नात आहे. मृत्युपत्र हवं तितक्या वेळा बदलता येतं, शेवटचं तेच खरं. आधीचं नोंदवलेलं असलं तरी नंतरचं साधं, पण नीट साक्षांकित मृत्युपत्र त्याच्या वरचढ ठरतं. दान एकदा स्वीकारलं गेलं आणि नोंदलं गेलं की केवळ मर्जी फिरली म्हणून मागे घेता येत नाही. ‘मला वाटेल तेव्हा परत घेईन’ असं कलम दानपत्रात घातलं तर दानच शून्य ठरतं.

ज्येष्ठांसाठी एक दार उघडं आहे. 2007 च्या पालनपोषण कायद्याचं कलम 23. साठी ओलांडलेल्या माणसाने सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर एसडीएमच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या) न्यायाधिकरणाकडे जाऊन ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं की अशी अट होती हे दिसायला हवं. जानेवारी 2025 मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातल्या, छतरपूरच्या एका आईचं दानपत्र न्यायालयाने रद्द केलं आणि घर तिच्या ताब्यात देण्याचा आदेश दिला. तिथे मुलाने सांभाळ करण्याचं वचन लिहून दिलेलं होतं. म्हणून दान करायचंच असेल तर सांभाळाची अट आणि आई-बाबा दोघांचाही तहहयात राहण्याचा हक्क शब्दांत लिहून घ्या. मुलगा ‘‘बाबा, माझ्यावर विश्वास नाही का?’’ म्हणेल. म्हणू द्या.

आणखी एक शक्यता घरात कुणी बोलत नाही. ज्याला घर दिलं तो मुलगाच आधी गेला तर? त्याने मृत्युपत्र केलेलं नसेल तर घर त्याची बायको, मुलं आणि आई यांच्यात वाटलं जातं. वडील पहिल्या वर्गाच्या, म्हणजे आधी हिस्सा मिळणाऱ्या, वारसांत नाहीत. म्हणजे ज्यांनी घर बांधलं, त्यांचाच हिस्सा शून्य. मुलाचं कर्ज थकलं तर जप्तीही त्याच घरावर येऊ शकते. मृत्युपत्रात हे धोके नाहीत, कारण शेवटपर्यंत मालक तुम्हीच.

मग दानपत्र कोणी करावं? भावंडांत आताच धुसफूस असेल आणि तुमच्यामागे मृत्युपत्रावर भांडण होणार हे दिसत असेल, त्यांनी. किंवा मुलाला त्या जागेवर कर्ज काढून दुकान वाढवायचं असेल, त्यांनी. पण इमारत दिली म्हणजे दुकान दिलं असं नव्हे. एकट्या मालकाच्या धंद्याची जीएसटी नोंदणी त्याच्या पॅनवर असते, मुलाला स्वतःची वेगळी घ्यावी लागते.

मृत्युपत्राची कच्ची बाजू तुमच्या पश्चात उघडी पडते. मध्य प्रदेशात हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची, म्हणजे ते कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती नाही, हे बरं. पण एखाद्या वारसाने हरकत घेतली तर नामांतरण (सरकारी दप्तरात नाव चढवणं) अडतं आणि मामला दिवाणी न्यायालयात जातो. नामांतरणाने मालकी सिद्ध होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये मध्य प्रदेशातल्याच एका मृत्युपत्राच्या प्रकरणात सांगितलं आहे.

माझा कौल, आई-बाबा त्याच घरात राहत असतील तर, मृत्युपत्राला. मात्र ते नोंदवून घ्या. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत लावा आणि एखाद्या मुलाला कमी का दिलं ते दोन ओळींत लिहा. दोन साक्षीदार लागतात आणि वाद झालाच तर हयात असलेल्यांपैकी किमान एकाला कोर्टात उभं राहावं लागतं. तेव्हा सकाळी सोबत फिरायला येणारे पंचाहत्तरीचे मित्र नकोत. वयाने लहान, इंदुरातच राहणारी आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारी दोन माणसं शोधा.