कबड्डीच्या सामन्याला अंबाडा की दोन वेण्या?

अंबाडा दोन मिनिटांत होतो, मानही मोकळी राहते. पण पकडीत पाठीवर आपटलं की तोच गोळा डोक्याखाली टोचतो. त्यात आकडे, पिना असतील तर समोरच्या मुलीलाही लागतं, त्या नकोतच.

दोन वेण्यांना वेळ लागतो, घालून द्यायला मैत्रीण हवी. मात्र कपाळापासूनच केस घट्ट गुंफत नेले की बारीक बटा डोळ्यांत येत नाहीत. 30 सेकंदांच्या चढाईत बोनस रेषेवर नजर ठेवायची असते, बटा सावरायला हात मोकळा कुठे? शेंडे लोंबते ठेवू नका. दुमडून मानेशी कापडी रबराने बांधा, नाहीतर वेणी हाताखाली अडकून मान हिसकते. मी मुलींना वेण्याच सांगते. खो-खोत अशी पकड नसते, तिथे अंबाडा चालेल.