परदेशात इंग्रजी शिकवायचंय: आखात, मालदीव, थायलंड, व्हिएतनाम की जपान?

यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीच्या तालुक्यांत इंग्रजी घेऊन बी.ए., बी.एड. झालेले आणि विनाअनुदानित शाळेत किंवा तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण परदेशाचं विचारतात, तेव्हा पहिला प्रश्न पगाराचा असतो. आमच्या मते तो तिसरा प्रश्न आहे. बी.एड. आहे का, हा पहिला. शाळा-कॉलेज कोणत्या माध्यमातून झालं, हा दुसरा. या दोन उत्तरांवरच निम्मे देश यादीतून गळतात, आणि ते आधी कळलं तर वर्ष आणि पैसा दोन्ही वाचतात.

दोन देश तर सुरुवातीलाच बाजूला ठेवा. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारत आणि कोरियाचा आर्थिक करार जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्यात भारतीयांना सरकारी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक होण्याची वाट ठेवलेली आहे, पण त्या वाटेनं भरती फारच थोडी होते. चीनमध्ये कामाचा झेड व्हिसा देताना इंग्रजी शिक्षक इंग्रजीभाषक देशाचाच असावा, असा दंडक आहे. तिथे व्यापारी किंवा विद्यार्थी व्हिसावर नेऊन वर्गात उभं करणारे एजंट भेटतात. असं शिकवणं बेकायदा आहे, आणि पकडलं गेल्यावर अटक शिक्षकाला होते, एजंटाला नाही.

बी.एड. असेल तर: आखात आणि मालदीव

आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांना बी.ए. किंवा एम.ए. इंग्रजी, बी.एड. आणि दोन-तीन वर्षांचा शाळेतला अनुभव लागतो. आपल्याकडच्या बी.एड.ला सरळ किंमत मिळते अशी ही सर्वांत मोठी बाजारपेठ. संयुक्त अरब अमिरातीत क्रम असा असतो: लेखी ऑफर, मग मालकानं काढलेली कामाची मंजुरी आणि प्रवेश परवाना, तिथे पोचल्यावर वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडीसाठी बोटांचे ठसे आणि शेवटी राहण्याचा परवाना. शिवाय शाळेला शिक्षण नियामकाकडून तुमच्या नेमणुकीची मान्यता घ्यावी लागते. दुबईत हा नियामक केएचडीए, अबू धाबीत एडेक. ही मान्यता अडकते ती बहुधा पदवीच्या प्रमाणीकरणावर.

अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकानं करायचा असतो, तो शिक्षकाकडून वसूल करता येत नाही. प्रोबेशन जास्तीत जास्त ६ महिने. एक वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी ग्रॅच्युइटी मिळते. म्हणून करारात एकूण पगार किती यापेक्षा त्यातला मूळ पगार किती हे आधी वाचा. राहण्याची जागा शाळा देते की भत्ता, तेही लेखी घ्या. भारतीय शाळांचे पगार ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांपेक्षा बरेच कमी असतात, आणि दुबईचं भाडं स्वतः भरायचं असेल तर घरी पाठवायला फारसं उरत नाही.

आखाताचा खरा अडथळा एक्स-रेचा आहे. फुप्फुसावर जुन्या क्षयरोगाचा डाग दिसला, आजार केव्हाच बरा झालेला असला, तरी वैद्यकीय चाचणीत ‘अनफिट’ ठरवलं जाऊ शकतं. आपल्या गावांत लहानपणी औषधाचा कोर्स केलेले बरेच जण आहेत. एक रुपयाही भरण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी छातीचा एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवा.

मालदीवमध्ये माध्यमिक शिक्षण इंग्रजीतून चालतं आणि दूरच्या बेटांवरच्या सरकारी शाळांत भारतीय शिक्षक पूर्वीपासून आहेत. स्पर्धा आखातापेक्षा कमी, गावाकडच्या माणसाला छोट्या बेटाचं जगणंही परकं वाटत नाही. राहण्याची सोय किंवा भत्ता सहसा मिळतो. विमानतळावर भारतीयांना पर्यटक व्हिसा सहज मिळतो, पण त्यावर शिकवता येत नाही. मालकानं काढलेली कामाची मंजुरी हातात आल्यावरच निघायचं. अडचण पैसे पाठवण्याची आहे. पगार तिथल्या चलनात, रुफियात मिळतो, देशात डॉलरची टंचाई आहे आणि बँकेतून महिन्याला बाहेर पाठवता येणाऱ्या रकमेवर मर्यादा असते. पगार कागदावर चांगला दिसतो, पण घरचं पीक कर्ज किंवा धाकट्या बहिणीची फी त्यातून दरमहा भरायची असेल तर हिशेब चुकतो. घरी नियमित पैसा पाठवणं हाच हेतू असेल तर आखात निवडा. अनुभव आणि बचत हवी असेल आणि घरून निकड नसेल तर मालदीव चांगलं.

बी.एड. नसेल तर: थायलंड आणि व्हिएतनाम

दोन्हीकडे कोणत्याही विषयाची पदवी चालते, सोबत १२० तासांचं टेफल, म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र मागतात. स्वस्त ऑनलाइन टेफल आणि केंब्रिजचं सेल्टा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सेल्टात किमान १२० तासांचं प्रशिक्षण असतं, आणि खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ६ तासांचं शिकवणं परीक्षक बसून पाहतो. त्याचा खर्च लाखाच्या घरात जातो. नुसत्या थायलंडसाठी तो करू नका, व्हिएतनामच्या मोठ्या भाषा केंद्रांसाठी मात्र तो वसूल होतो.

थायलंडमध्ये शाळा तुम्हाला ऑफर, शाळेचा परवाना आणि दूतावासाच्या नावे पत्र पाठवते. त्यावर नॉन-इमिग्रंट बी व्हिसा मिळतो, त्यात ९० दिवस राहता येतं. जानेवारी २०२५ पासून हा अर्ज भारतातून ऑनलाइन होतो, त्यासाठी मुंबईची वारी करावी लागत नाही. पोचल्यावर शाळा कामगार खात्याकडून वर्क परमिट काढते, शिक्षक परिषदेकडून परवान्याची तात्पुरती सूट मागते, आणि मग इमिग्रेशन कराराच्या मुदतीपर्यंत राहणं वाढवून देतं. इंग्रजीभाषक देशाबाहेरच्या शिक्षकाकडून टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत किमान ६०० गुण मागितले जातात. टोइक आणि आयल्ट्स दोन्हींचा निकाल दोनच वर्षं चालतो, तेव्हा नोकरी शोधायला लागण्याआधी वर्षभर परीक्षा देऊन ठेवण्यात अर्थ नाही.

थायलंडमधल्या चुका पोचल्यानंतर होतात. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो, उशीर झाला तर २,००० बाट दंड. दिवाळीला घरी यायचं असेल तर निघण्याआधी री-एंट्री परमिट घ्यायलाच हवं, एकदाच्या प्रवासाला १,००० बाट, कितीही वेळा जाण्या-येण्याला ३,८००. ते न घेता देश सोडला की वर्षाची मुदतवाढ रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. वर्क परमिट त्या शाळेपुरतंच असतं. नोकरी संपली की राहण्याची मुदतही त्याच दिवशी संपते, म्हणून दुसऱ्या शाळेचा कागद हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. पगार पासपोर्ट पाहून ठरतो, हे कटू आहे पण खरं आहे: तेच वर्ग घेणाऱ्या ब्रिटिश शिक्षकापेक्षा भारतीयाला बरेचदा खूप कमी देतात.

व्हिएतनाममध्ये पगाराची शक्यता जास्त आणि कागदांचा जाचही जास्त. वर्क परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं. त्यासाठी पदवी, टेफल आणि पोलिसांचा दाखला यांवर व्हिएतनामच्या दूतावासाची किंवा मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाची मान्यता घेऊन त्यांचं व्हिएतनामी भाषांतर जोडायचं असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये परदेशी कामगारांसाठी नवा अध्यादेश, क्रमांक २१९, लागू झाला आहे. भाषा केंद्र जुन्या अध्यादेशाची कागदांची यादी पाठवत असेल तर विचारून घ्या. ‘९० दिवसांच्या ई-व्हिसावर या, परमिट नंतर करू’ असं बरीच केंद्रं सांगतात. परमिटशिवाय काम करताना सापडल्यास १.५ ते २.५ कोटी डाँग दंड आणि देशाबाहेर रवानगी होते, हे ती सांगत नाहीत. पदवीच्या मूळ प्रतीवरची मान्यता भारतातच होते. तिथे पोचल्यावर पदवी कुरिअरनं परत पाठवत बसणं म्हणजे महिना गेला.

दोघांपैकी पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्याला आम्ही थायलंड सुचवू, कारण शाळेची नोकरी असते आणि पायऱ्या ठरलेल्या असतात. इंग्रजी बोलण्यावर हात बसलेला असेल, आयल्ट्सला ७ किंवा वर मिळत असतील तर व्हिएतनाम.

जपान: इथे माध्यम आडवं येतं

जपानच्या शाळांत सहायक भाषाशिक्षक म्हणून ‘इन्स्ट्रक्टर’ दर्जाचा व्हिसा लागतो. त्यात पदवीसोबत एक अट आहे: १२ वर्षं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेलं असावं. आपला हिशेब मांडून पाहा. दहावीपर्यंत जिल्हा परिषद किंवा मराठी माध्यम, पुढे अकरावी-बारावी २, बी.ए. ३, एम.ए. २, बी.एड. २. हे सगळं इंग्रजीतून धरलं तरी ९ वर्षंच होतात. शिवाय बी.ए.चे इतर विषय मराठीतून लिहिले असतील तर ती ३ वर्षंही हातची जातात. पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांचं मात्र जमतं. त्यांनी प्रत्येक शाळेकडून माध्यमाचा दाखला, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत हे स्पष्ट लिहून, लेटरहेडवर घ्यावा. सेमी-इंग्रजीवाल्यांनी यावर भिस्त ठेवू नये.

मराठी माध्यमवाल्यांना दुसरी वाट खाजगी इंग्रजी क्लासची. तिथला व्हिसा वेगळ्या दर्जाचा असतो, त्याला १२ वर्षांची अट नाही, पदवी पुरते. पण क्लासचालक उच्चार आणि संभाषण काटेकोरपणे पाहतात. दोन्ही वाटांत मालक जपानच्या इमिग्रेशनकडून पात्रता प्रमाणपत्र मागवतो, त्याला एक ते तीन महिने लागतात. ते मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये पोचावं लागतं. नवीन घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. सहायक शिक्षकाचा पगार बहुधा महिना २ ते २.५ लाख येन असतो, पण सुरुवातीला घराची अनामत आणि पहिला पगार येईपर्यंतचा खर्च खिशातून करावा लागतो. दीड-दोन महिन्यांची तजवीज नसेल तर जाऊ नका.

कागदपत्रं: इथेच सगळ्यात जास्त अडतं

पहिलं, पदवी प्रमाणपत्र. तात्पुरतं प्रमाणपत्र परदेशात सहसा चालत नाही, दीक्षांत समारंभानंतरचं मूळ लागतं. निकाल लागताच विद्यापीठाकडे अर्ज करा, आणि ते मिळाल्यावर लॅमिनेट करू नका. लॅमिनेशनवर शिक्का आणि स्टिकर बसत नाही.

दुसरं, नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव येतं. पासपोर्टच्या अर्जात आडनावाच्या रकान्यात आडनाव आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं व वडिलांचं नाव लिहिलं की दोन्ही जुळतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी पासपोर्ट पदवीच्या नावावर ठेवणं सर्वांत सोपं. नवीन नावावर काढलाच असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही पदवीसारखाच प्रमाणित करून घ्यावा लागतो. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असेल तर तोही आधी दुरुस्त करा.

तिसरं, शिक्का. पदवीला आधी राज्याच्या उच्च शिक्षण विभागाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं. पुढे फाटे फुटतात. जपान, ओमान, बहरीन, डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबिया इथे अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं मंत्रालयाचं स्टिकर चालतं, त्याची सरकारी फी दर कागदाला ५० रुपये, एजन्सीचं सेवाशुल्क वेगळं. अमिराती आणि कतारला मंत्रालयाचं साधं प्रमाणीकरण आणि वर दूतावासाचा शिक्का लागतो. चुकीचा प्रकार केला तर परत पहिल्यापासून फेरा. म्हणून देश ठरण्याआधी कोणताही शिक्का मारून घेऊ नका, आणि थायलंड-व्हिएतनामसाठी कोणता प्रकार हवा ते मालकाकडून लेखी घ्या. या सगळ्याला महिना-दीड महिना धरा.

चौथं, पोलिसांचा दाखला. तो पासपोर्टच्या पोर्टलवरून मिळतो, फी ५०० रुपये, आणि त्यावर देशाचं नाव असतं. बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, म्हणून तो सगळ्यात शेवटी काढा. पासपोर्टवर गावचा पत्ता आणि प्रत्यक्षात राहणं नागपूर किंवा अमरावतीच्या खोलीवर असेल तर पडताळणी रेंगाळते.

एजंट

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो. त्याचा क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. तो घेऊ शकतो ती फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. तालुक्याला येऊन अडीच-तीन लाख सांगणारा आणि ‘वरचा माणूस मुंबईत आहे’ म्हणणारा परवानाधारक नसतोच. मूळ पदवी कोणाकडे ठेवायला देऊ नका. मुलाखत व्हिडिओवर शाळेच्या मुख्याध्यापकांशी झाली पाहिजे, आणि ऑफरमध्ये शाळेचा पत्ता, आठवड्याचे तास, मूळ पगार आणि व्हिसाचा प्रकार लिहिलेला हवा.

थायलंडच्या बाबतीत एक खूण कायम लक्षात ठेवा. २०२२ पासून बँकॉकच्या नोकरीचं आमिष दाखवून भारतीय तरुणांना सीमेवरच्या मे सोतमार्गे म्यानमारमधल्या म्यावाडीला नेण्याचे आणि तिथे ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपण्याचे प्रकार झाले आहेत, परराष्ट्र मंत्रालयानं त्याबद्दल इशाराही दिला आहे. विमानतळावरून शाळेऐवजी ‘आधी ट्रेनिंग’ म्हणून सीमेकडे गाडी निघाली, तर गाडीत बसूच नका, विमानतळावरच थांबा आणि तिथूनच बँकॉकच्या भारतीय दूतावासाला फोन करा. दूतावासाचा नंबर घर सोडण्याआधीच कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण अशा ठिकाणी सगळ्यात आधी मोबाइल काढून घेतला जातो.